लोधिवलीला उतरलेले वैमानिक

मालोजी धाकलू ठोंबरे हा माझा चुलतभाऊ. आमच्या लोधिवलीतला विमान चालवणारा तो पहिलाच माणूस. पण गावात त्याचं नाव आजही निघतं ते विमानापायी नाही. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी, अठ्ठेचाळीसच्या दिवाळीनंतर त्याने जे केलं त्यापायी निघतं. त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं. मुंबईत जे घडलं ते मालोजीने आणि त्याच्या सोबत्यांनी आमच्या ओटीवर बसून सांगितलं.

त्याचे वडील, आमचे धाकलूकाका, पावसाळ्यात भात लावायचे आणि पाऊस सरला की चौकहून डोंगर चढून माथेरानला जायचे. तिथे ते हातरिक्षा ओढत. जुहूच्या विमानक्लबातला एक इंजिनियर दर उन्हाळ्यात माथेरानला येई आणि काकांच्याच रिक्षात बसे. मालोजी तेव्हा कर्जतला शिकत होता. सुट्टीत बापाबरोबर वर गेला आणि त्या इंजिनियरच्या नजरेत भरला. मॅट्रिक झाल्यावर इंजिनियरने त्याला जुहूला नेलं, इंजिनं पुसायला लावलं, मग उघडायला, मग जोडायला. तिथल्या लोकांनी रिकाम्या वेळी त्याला वरही नेलं. पुढे लढाई पेटली. हवाई दलाला माणसं हवी होती आणि मालोजीला आभाळ हवं होतं. तो वैमानिक झाला. ब्रह्मदेशाच्या जंगलात अडकलेल्या फौजेला तो विमानातून तांदळाची पोती टाकत असे. आमच्या भागूकाकीला, म्हणजे त्याच्या आईला, हे काही केल्या पटेना. पोतं फुटत कसं नाही आणि सांडलेले तांदूळ निवडतं कोण, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारायची.

लढाई संपली तेव्हा फौजेची विमानं स्वस्तात विकायला निघाली. कितीतरी शेठ लोकांनी ती घेतली आणि कंपन्या काढल्या. अशाच एका कंपनीत मालोजीला नोकरी लागली. सांताक्रूझला कंपनीच्या चाळीत त्याला खोली मिळाली. त्याची बायको, आवडीवहिनी, मात्र इथेच, काकांच्या मागे शेत आणि सासू सांभाळून. महिन्यातून दोनदा मालोजी घरी यायचा. गावात शिरताना अंगावरचा कंपनीचा पांढरा शर्ट काढून ठेवायचा आणि बंडी घालून खळ्यावर यायचा. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी, पण कुणाचं काही अडलं तर तो आधी उठायचा.

त्या कंपनीत चौदा वैमानिक होते. सगळ्यांत वडीलधारा म्हणजे वसईकडचा एक ख्रिस्ती कॅप्टन. त्याला सगळे नुसतं कॅप्टन म्हणत. सगळ्यांत धाकटा भिवाजी कडव, आपल्या वावोशीचा. मालोजीनेच त्याला शेजारच्या खुर्चीत बसवून शिकवला होता. एक सरदारजी होता. फाळणीत त्याचं लायलपूरकडचं घर गेलं होतं. बायको आणि तान्ही मुलगी घेऊन तो चाळीत मालोजीच्या शेजारी राहायचा.

दिवाळी झाली आणि मॅनेजरने चौदाही जणांना बोलावलं. कंपन्या फार झाल्या, उतारू कमी पडतात, पेट्रोल परवडत नाही, असं तो म्हणाला. म्हणून कंपनीने कपात करायची ठरवली होती. सहा जण जाणार, आठ राहणार. जाणाऱ्यांत सरदारजी होता आणि भिवाजीही होता. राहणाऱ्यांत मालोजी होता. नुसता राहणार नव्हता, तर पुण्या-हैदराबादची सगळी फेरी त्याच्या हाताखाली येणार होती. मॅनेजरने त्याचं अभिनंदनसुद्धा केलं.

सरदारजी खिडकीकडे बघत राहिला. भिवाजीने टोपी हातात घेतली होती, ती तो नुसता गोल फिरवत होता. मालोजीला बोलायची सवय नव्हती. पण तोच बोलला.

"साहेब, चौदा जणांचं काम आठांना पुरेल असं तुम्ही म्हणता. मग तेवढंच काम चौदा जणांत वाटा. प्रत्येक जण थोडं कमी उडेल, थोडं कमी घेईल. घरी कुणी जायचं नाही."

मॅनेजर हसला. कंपनी म्हणजे गावची भावकी नव्हे, असं तो म्हणाला. कुणाला ठेवायचं ते कंपनी ठरवील.

"मग सहांच्या जागी सात लिहा," मालोजी म्हणाला. "मीही उडणार नाही."

एवढं बोलून तो बाहेर आला. आपण काय बोलून बसलो हे त्याला बाहेरच्या उन्हात आल्यावर कळलं, असं तोच सांगायचा. मागे वळून बघायचीही भीती वाटत होती, कारण मागे कुणी नसलं तर काय करायचं हे त्याने ठरवलं नव्हतं. पण मागून पावलं वाजली. राहणाऱ्या आठांतले आणखी दोघे त्याच्यामागे बाहेर आले होते. कॅप्टन आणि उरलेले चार आतच राहिले. त्यांना मालोजीने त्या दिवशी नावं ठेवली नाहीत आणि पुढेही कधी ठेवली नाहीत.

असे नऊ जण बाहेर पडले. कंपनीने चाळीतल्या खोल्या लगेच रिकाम्या करायला सांगितल्या. तिघांची मुंबईत घरं होती. ते तिघे तिथेच राहिले. रोज सकाळी विमानतळाच्या फाटकाशी उभं राहायचं आणि नव्याने भरती व्हायला कुणी वैमानिक आला तर त्याला काय झालंय ते सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. बाकीच्यांना जायला जागा नव्हती. भिवाजीचं घर होतं, पण बाप आजारी आणि घर एवढंसं. तेव्हा मालोजी म्हणाला, "माझ्याकडे चला."

त्याचा निरोप आला तसा मी आणि आमचा शेजारी दोन बैलगाड्या घेऊन कर्जत स्टेशनला गेलो. मुंबईहून पुण्याकडे जाणारी पॅसेंजर आली. मालोजीसकट सहा वैमानिक उतरले. ट्रंका, वळकट्या, एक शिवणयंत्र, आणि सरदारजीच्या बायकोच्या कडेवर तान्ही पोर. स्टेशनवरचे हमाल बघत राहिले. एवढे टोपीवाले साहेब आणि बैलगाडीत बसतायत, हे त्यांना नवीन होतं. वाटेत गाड्यांच्या खडखडाटात सगळे आपापल्या ट्रंका धरून बसले होते. पोर मात्र बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांकडे बघून हसत होती, आणि चौकच्या अलीकडे तिच्यामुळेच सगळे हसायला लागले.

घरात मात्र हसणं नव्हतं. आवडीवहिनीला सगळं कळलं तेव्हा ती भांडी घासत होती. तिने हातातली राख झटकली आणि नवऱ्याला आत बोलावलं. पडवीत बसून आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"तुमाला काढलं नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"उलट वर चढवत होते."

"हो."

"आन् तुमी सोडून आलात."

वहिनी तावातावाने बाहेर आली. दोन शब्द पाहुण्यांनाही सुनावायचे असा तिचा बेत असावा. पण समोर सरदारजीची बायको उभी होती. कडेवर पोर, आणि घरात शिरावं की अंगणातच थांबावं हे न कळून ती ट्रंकेपाशी तशीच अवघडून उभी राहिलेली. वहिनी तिच्याकडे बघत राहिली. मग पुढे झाली आणि तिच्या कडेवरची पोर स्वतःकडे घेतली.

"आत ये गं," ती म्हणाली. "उनात काय उभी ऱ्हायलीस."

एकीला पंजाबी येत होती, एकीला आमची बोली. पण त्या दिवसापासून दोघी एका चुलीपाशी बसायच्या आणि दिवसभर बोलायच्या. काय बोलायच्या ते आम्हाला कधी कळलं नाही. त्यांना मात्र कळत असावं.

भात कापणीला आलं होतं. दुसऱ्याच दिवशी भागूकाकीने सगळ्यांच्या हातात विळे दिले. फुकटचं खायचं नाही हे वैमानिकांनीच सांगितलं होतं. मग काय, खाचरात रांग लागली. सरदारजी लढाईत शत्रूची विमानं पाडून आलेला माणूस, पण विळा धरताना पहिल्याच घटकेला त्याने बोट कापून घेतलं. भिवाजीला सवय होती, तो पुढे निघून जायचा आणि मागे वळून सगळ्यांना चिडवायचा. बांधावरून जाणारे येणारे थांबून बघायचे. चार दिवसांत आमचं अर्धं शेत कापून झालं. आम्ही सगळे खुशीत होतो.

मग एका सकाळी इर्शाळ डोंगराच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतून शुक्रा आणि त्याची बायको सोमी खाली आली. दरवर्षी मजुरीवर कापणीला आमच्याकडे त्यांची वाडी यायची. त्यांच्यासोबत आठ-दहा माणसं होती, खांद्यावर विळे. शुक्रा बांधावर बसला आणि कापलेल्या खाचराकडे बघत राहिला. मालोजी जवळ गेला तेव्हा तो हळूच म्हणाला:

"दादा, तुमाला साहेबानं काडून टाकलं आसं ऐकलं. आमाला कुनी काडून टाकलं?"

मालोजीला आधी कळलं नाही. शुक्राने हात करून खाचरात वाकलेल्या वैमानिकांकडे दाखवलं. "ही मानसं फुकाट कापत्यात. मंग आमी काय करायचं?"

मी तिथेच होतो. मालोजीचा चेहरा एकदम उतरला. तो शुक्राच्या शेजारी बांधावर बसला. मग मालोजी उठला, खाचरात गेला आणि सगळ्यांना विळे खाली ठेवायला सांगितले. का, हे त्याने इंग्रजीत समजावलं. एकेकाची मान खाली गेली. सरदारजी कापलेलं बोट धरून शुक्राकडे आला, हात जोडले, आणि आपला विळा त्याच्या पुढ्यात ठेवला.

त्या वर्षीची उरलेली कापणी ठाकूरवाडीनेच केली. आणि जी आधीच कापून झाली होती तिचीही मजुरी त्यांना मिळाली. घरात तंगी असताना हे देणं भागूकाकीला जड गेलं असेल. पण भात तिने स्वतः मापून दिलं, आणि माप सपाट न करता शीग लावून दिलं.

आता वैमानिकांनी करायचं काय हा प्रश्न होता. ज्या कामाने दुसऱ्याच्या तोंडचा घास जाणार नाही असं काम पाहिजे, हे शुक्राने एका वाक्यात शिकवून ठेवलं होतं. ते काम कर्जतला सापडलं. तिथल्या एका गवताच्या व्यापाऱ्याने लढाईनंतर फौजेचा एक मोठा ट्रक लिलावात घेतला होता. तो एकदाही सुरू झाला नव्हता. वखारीमागे उभा होता, आणि आत कोंबड्या बसायच्या. मालोजीने तो बघितला, बॉनेट उघडलं, बराच वेळ आत डोकं घालून उभा राहिला. मग व्यापाऱ्याला म्हणाला की आम्ही हा सुरू करून देतो. चालवायचाही आम्हीच. मिळेल त्यातलं अर्धं तुमचं.

सहा वैमानिक त्या ट्रकला भिडले. सुटे भाग आणायला भिवाजी मुंबईला जायचा, आणि फाटकापाशी उभ्या असलेल्या तिघांची खबरही घेऊन यायचा. ट्रक सुरू झाला तेव्हा एवढा धूर सोडला की कोंबड्या वखारीच्या छपरावर जाऊन बसल्या.

आमच्या भागातलं गवत तेव्हा मुंबईच्या तबेल्यांना जायचं. बैलगाड्यांनी ते कर्जत स्टेशनला न्यायचं आणि मग मालगाडीच्या वाघिणी मिळण्याची वाट बघत बसायचं. कित्येकदा गवत तिथेच कुजायचं. ट्रक सरळ मुंबईला नेता आला असता. पण या वेळी मालोजी आधी गाडीवाल्यांकडे गेला. चौकच्या नाक्यावर त्यांची बैठक झाली. ठरलं असं की गावागावातून चौकपर्यंत गवत गाडीवाल्यांनीच आणायचं, आणि चौकहून पुढे ट्रकने न्यायचं. कर्जतपेक्षा चौक जवळ, त्यामुळे गाडीवाल्यांच्या खेपा वाढल्या. त्यांचं नुकसान तर झालंच नाही, उलट ते ट्रकची वाट बघत नाक्यावर गप्पा मारत बसायला लागले.

अशा रीतीने पौष आला. ट्रकच्या कमाईवर नऊ कुटुंबं निभावत होती. मुंबईतल्या तिघांचा वाटाही भिवाजी नेऊन द्यायचा. कंपनीची विमानं पाच वैमानिकांवर कशीबशी चालली होती. मॅनेजरने नवीन माणसं शोधली, पण फाटकाशी उभ्या असलेल्या तिघांशी बोलून बहुतेक जण परत फिरले. बहुतेक सगळे लढाईत एकमेकांबरोबर उडलेले. दिल्लीहून एक जण आला होता. त्याने तिघांचं ऐकून घेतलं, फाटकातून आतही गेला नाही, त्यांच्याबरोबर चहा प्यायला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला.

एका दुपारी हमरस्त्यावरून एक मोटार आमच्या गावाकडे वळली. आतून कॅप्टन उतरला. पिकलेले केस, कडक इस्त्रीचे कपडे. आम्ही शेतात वालाच्या शेंगांची पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, वरून पुन्हा पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ. कॅप्टन तिथे आला आणि उभाच राहिला. मालोजीने त्याला बसायला पोतं पसरून दिलं.

कॅप्टनने आधी सांगून टाकलं की तो मॅनेजरचा निरोप घेऊन आला होता. मालोजीने आणि त्याच्यामागून आलेल्या दोघांनी परत यावं. मालोजीला वरची जागा मिळेल. सहांचं मात्र काही होणार नाही. हे बोलताना तो त्या सहांतल्या कुणाकडे बघत नव्हता. मालोजीने पोपटी उघडली, पहिल्या शेंगा कॅप्टनच्या पुढ्यात ठेवल्या आणि आधी खाऊन घ्या म्हणाला.

कॅप्टन खात होता. सरदारजीच्या बायकोने त्याला पाणी आणून दिलं. भिवाजीने त्याला ट्रकची गोष्ट सांगितली, शुक्राचीही सांगितली. कॅप्टन ऐकत गेला आणि त्याचं खाणं मंदावलं. आपल्या दोन मुली पुण्याला शाळेत आहेत, या वयात दुसरी नोकरी कोण देणार, म्हणून आपण त्या दिवशी खोलीतून उठलो नाही, असं तो कुणी न विचारताच म्हणाला.

तेव्हा आवडीवहिनी बोलली. ती मडक्यातल्या उरलेल्या शेंगा काढत होती.

"दादा, तुमच्याकडं किती पायलट उरलेत?"

"पाच," कॅप्टन म्हणाला.

"आमच्याकडं सहा हायेत. मुंबईला तिघं. नऊ झाले. मंग तुमीच इकडं या की. जागा हाय."

मग कॅप्टन हसला. असा हसला की त्याला ठसका लागला आणि भिवाजीने त्याची पाठ थोपटली. हसणं संपल्यावर त्याने रुमालाने डोळे पुसले, शेंगांचा एक पुडा मुलींसाठी बांधून मागितला आणि मोटारीत बसून निघून गेला. मालोजीला त्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांताक्रूझला कॅप्टनचं विमान सुटायचं होतं. उतारू येऊन बसले होते. कॅप्टन साध्या कपड्यांत आला, फाटकाच्या आत गेला नाही, आणि बाहेरच्या तिघांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याला तिथे बघून बाकीचे चारही एकेक करत आले. शेवटचा आला तेव्हा कॅप्टनने त्याच्यासाठी थोडं सरकून जागा केली. कंपनीची विमानं रांगेत उभी होती, त्यांची तोंडं आभाळाकडे, आणि चालवायला एकही माणूस नव्हता.

मॅनेजरने धमक्या दिल्या. मग समजूत घातली. मग खुद्द शेठ आला. शेठला उतारूंचे पैसे परत करावे लागत होते आणि टपालाचं काम दुसऱ्या कंपनीकडे चाललं होतं. त्याने कॅप्टनला विचारलं की तुम्हा लोकांना हवंय तरी काय. कॅप्टनने मालोजीचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं: काम वाटून घेऊ, उडणं कमी, पगार कमी, पण चौदाही जण राहतील. शेठने मॅनेजरला विचारलं की ही गोष्ट दिवाळीत कुणी बोललं होतं का. मॅनेजरला हो म्हणावं लागलं. मग तेव्हाच का केलं नाहीत, असं शेठने विचारलं.

आम्ही पेंढ्याची उडवी रचत होतो तेव्हा हमरस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला. थांबून थांबून नाही, लांबलचक, एकसारखा. कॅप्टन मोटारीतून उतरून शेतातून चालत येत होता, इस्त्रीच्या विजारीला धूळ लागत होती त्याची त्याला शुद्ध नव्हती. उडवीवर उभ्या असलेल्या मालोजीकडे बघून त्याने हात वर केला.

"सगळे," तो म्हणाला. "चौदाच्या चौदा."

मालोजी उडवीवरच खाली बसला. मी त्याला लहानपणापासून ओळखतो, पण त्याला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. खाली सरदारजीने भिवाजीला उचलून खांद्यावर घेतलं होतं आणि खळ्याभोवती नाचत होता. भागूकाकी आधी घाबरली, मग तिला कोणीतरी समजावून सांगितलं, तशी तीही टाळ्या वाजवायला लागली.

निरोप ठाकूरवाडीपर्यंत कसा पोचला ते माहीत नाही, पण दिवस कलायच्या आत शुक्रा आणि सगळी वाडी ढोल घेऊन खाली उतरली. आमच्या अंगणात ढोल वाजले. नाक्यावरचे गाडीवाले आले. कर्जतचा व्यापारी गुळाची ढेप घेऊन आला. सोमीने आवडीवहिनीला आणि सरदारजीच्या बायकोला हाताला धरून नाचात ओढलं. कॅप्टनलाही ओढलं. त्याला पाय टाकता येईना, पण तो गोलातून बाहेर पडला नाही. नाच थांबल्यावर मालोजी शुक्राजवळ गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला:

"शुक्रा, तू त्या दिवशी बांधावर आला नसतास, तर आमचं काही खरं नव्हतं रं. साहेबानं जे आमचं केलं तेच आमी तुमचं करत होतो."

शुक्राने ढोल पुन्हा गळ्यात अडकवला आणि आधीपेक्षा जोरात वाजवायला लागला.

जायच्या दिवशी सगळे ट्रकमध्ये बसले. ट्रक चालवत होतो मी. त्या दोन महिन्यांत मालोजीने मला शिकवलं होतं, आणि पुढे कित्येक वर्षं चौक ते मुंबई गवताचा तो ट्रक मीच चालवला, गाडीवाल्यांशी झालेला करार न मोडता. धुतलेले पांढरे शर्ट, टोप्या, आणि भाकऱ्यांची गाठोडी. आवडीवहिनीही आली होती. एवढ्या वर्षांत तिने नवऱ्याचं विमान जवळून बघितलं नव्हतं.

सांताक्रूझच्या फाटकाशी बाकीचे आठ जण उभे होते. चौदाही जण एकत्र आत गेले. मॅनेजर दारात उभा होता. त्याने हात पुढे केला आणि मालोजीने तो धरला, कुरकुर न करता. आत फळ्यावर त्या दिवसाचं पहिलं विमान लिहिलेलं होतं, पुण्याचं, आणि त्यापुढे मालोजीचं नाव. मालोजीने खडू उचलला, आपलं नाव पुसलं आणि तिथे भिवाजीचं लिहिलं. स्वतःचं नाव त्याखाली, शेजारच्या खुर्चीसाठी. भिवाजीने काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. मालोजीने त्याच्या हातात टोपी दिली आणि पुढे चालायला लागला.

आम्ही कुंपणाशी उभे होतो. आवडीवहिनी आणि सरदारजीची बायको एकमेकींचा हात धरून, पोर मध्ये. विमानाचे पंखे फिरले, धूळ उडाली, वहिनीने पदर तोंडावर धरला पण डोळे मिटले नाहीत. विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, जरा थांबलं, आणि मग सुसाट आलं. जमीन सुटली तशी कुंपणाशी उभ्या असलेल्या बारा वैमानिकांनी एकदम टोप्या काढल्या आणि हवेत फेकल्या. कॅप्टनची टोपी कुंपणाच्या पलीकडे जाऊन पडली. ती आणायला कोणी गेलं नाही. सगळे वर बघत होते.